टेबलापाशी बसलेली बाई

“सर, ती मंत्री नव्हती, सभासदही नव्हती, मग तिला फाशीतख्तावर का नेली?” फ्रेंच राज्यक्रांतीचा धडा चालू असताना वर्गातील एका मुलीने विचारले. प्रश्न मादाम रोलाँविषयी होता.

ही बाई १७५४ साली पॅरिसमध्ये एका कोरीव काम करणाऱ्या कारागिराच्या घरी जन्मली. नऊ वर्षांची असताना प्रार्थनेच्या पोथीऐवजी प्लुटार्कची वीरचरित्रे घेऊन ती देवळात जाई. १७८० साली तिचे लग्न झाले. पती वीस वर्षांनी वडील, सरकारी उद्योग-तपासनीस. त्याचे लेख ती उतरवून काढी, आणि उतरवता उतरवता सुधारीही.

१७९१ मध्ये पॅरिसला तिच्या बिऱ्हाडी ब्रिसो, रोबेस्पिएर वगैरे पुढारी जमू लागले. ते वाद घालीत. ती बाजूला टेबलापाशी शिवण घेऊन नाही तर पत्रे लिहीत बसे. तोंडावर आलेले शब्द ओठ चावून परत लोटी. बाईने चारचौघांत राजकारण बोलू नये, पुस्तकावर आपले नाव घालू नये, असे तिचेच मत होते!

मार्च १७९२ मध्ये रोलाँ गृहमंत्री झाला. जूनमध्ये राजा सोळाव्या लुईला त्याने एक खरमरीत पत्र धाडले. राजाने त्याला बडतर्फ केले. पण विधिमंडळाने ते पत्र छापून देशभर वाटले. खाली सही रोलाँची. मजकूर सगळा बायकोचा!

वर्षभरात वारे फिरले. रोलाँचा गिरोंद पक्ष कोसळला. तो निसटला, १ जून १७९३ रोजी ती पकडली गेली. तुरुंगातल्या पाच महिन्यांत तिने आठवणी लिहिल्या आणि मित्रांकरवी वह्या बाहेर पोचवल्या. ८ नोव्हेंबरला खटला, त्याच दिवशी गिलोटिन. बातमी कळताच दोन दिवसांनी रोलाँनेही प्राण दिला. १७९५ साली त्या आठवणी छापल्या गेल्या, तिच्या नावाने.

म्हणजे स्वतःच्या नावाने बोलायला तिला तुरुंगच गाठावा लागला. शत्रूंनी मात्र तिची लेखणी आधीच ओळखली होती. त्या मुलीला मी हेच उत्तर दिले.

घरी आलो. माझ्या नव्या कादंबरीची स्वच्छ प्रत टेबलावर होती. सगळ्या कादंबऱ्यांची प्रत आमच्या घरातूनच होते. त्यात माझी नसलेली, माझ्याहून बरी वाक्ये असतात. वाचकांची शाबासकी मी मुकाट्याने खिशात घालीत आलो आहे.

“या पुस्तकावर तुझेही नाव घालू का?” मी स्वयंपाकघरात विचारले.

“अहो, करंज्या कढईत आहेत. मग बोलू.”

ते बोलणे अजून व्हायचे आहे.