पिकलबॉल

पिकलबॉल हा टेनिस, बॅडमिंटन आणि टेबल टेनिस या तिन्ही खेळांशी नाते सांगणारा मैदानी व बंदिस्त जागेतील खेळ आहे. तो बिनतारांच्या सपाट पॅडलने आणि छिद्रे असलेल्या प्लॅस्टिकच्या हलक्या चेंडूने एकेरी वा दुहेरी खेळला जातो.

इतिहास

इ.स. १९६५ मध्ये अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यातील बेनब्रिज बेटावर जोएल प्रिचार्ड व बिल बेल यांनी सुट्टीत कंटाळलेल्या मुलांसाठी हा खेळ रचला. नियमांच्या घडणीत बार्नी मॅकॅलम यांचा वाटा होता. नावाच्या उगमाविषयी दोन कथा आहेत : एक नौकाशर्यतीतील ‘पिकल बोट’ची, दुसरी प्रिचार्ड कुटुंबाच्या कुत्र्याची. भारतात हा खेळ आणण्याचे श्रेय मुंबईचे सुनील वालावलकर यांना दिले जाते.

मैदान व नियम

मैदान ४४ फूट लांब व २० फूट रुंद, म्हणजे बॅडमिंटनच्या दुहेरी मैदानाएवढे असते. जाळी कडेला ३६ इंच, तर मध्यभागी ३४ इंच उंच असते. जाळीच्या दोन्ही बाजूंच्या ७ फुटांच्या पट्ट्याला ‘किचन’ म्हणतात. त्यात उभे राहण्यास मनाई नाही. मात्र तेथून चेंडू टप्पा पडण्यापूर्वी मारता येत नाही. सर्व्हिस आणि तिचा परतीचा फटका, दोन्हींचा टप्पा पडू द्यावाच लागतो. पारंपरिक पद्धतीत गुण केवळ सर्व्हिस करणाऱ्या बाजूला मिळतो. डाव ११ गुणांचा असून विजयासाठी दोन गुणांची आघाडी लागते.

कौशल्य व सराव

या नियमांमुळे केवळ ताकदीला फारसा वाव उरत नाही. टप्प्याच्या नियमामुळे सर्व्हिस करणारी जोडी मागे अडकते, तर प्रतिस्पर्धी किचनच्या रेषेपर्यंत पोहोचलेले असतात. अशा वेळी नवखा खेळाडू तिसरा फटका जोराने मारतो आणि तो बहुधा तसाच अंगावर परततो. जाणता खेळाडू चेंडू हळुवार उचलून पलीकडच्या किचनमध्ये टाकतो व तेवढ्या अवधीत पुढे सरकतो. किचनमधून किचनमध्ये टाकलेल्या अशा अलगद फटक्याला ‘डिंक’ म्हणतात; मराठीतील डिंकाशी त्याचा संबंध नाही. पॅडल सैल धरून तिरक्या दिशेने डिंक करीत राहणे हा सर्वांत उपयुक्त सराव होय, कारण त्या दिशेला जाळी बुटकी आणि अंतर अधिक मिळते. असा सराव साठीनंतरही निभतो. संयमी ज्येष्ठ जोडी तरुणांना हरवते, ती याच बळावर.

काळजी

मैदान लहान असले तरी खेळ निर्धोक नाही. डोक्यावरून जाणाऱ्या उंच चेंडूसाठी उलट्या पावली धावताना ज्येष्ठ खेळाडू पाठीवर पडून मनगट वा खुबा मोडण्याचा धोका असतो. अशा वेळी आधी वळून मग धावावे, अथवा तो चेंडू साथीदारावर सोपवावा. एक गुण गेला तरी चालेल. झटक्यात थांबणे व वळणे असल्याने धावण्याच्या बुटांपेक्षा कोर्टसाठीचे बूट योग्य ठरतात. जाळीजवळ चेंडू वेगाने येतो, म्हणून संरक्षक चष्मा वापरणे हिताचे असते.