नंबर लागेपर्यंत

माझे आजोबा आकुर्डीला बजाजमध्ये फिटर होते आणि त्यांचे व्याही, म्हणजे माझ्या आईचे वडील, बजाजच्याच स्कूटरसाठी आठ वर्षं रांगेत होते. आईच्या वडिलांना आम्ही भाऊ म्हणतो. १९७७ साली भाऊंनी अनामत भरून नंबर लावला. १९८३ मध्ये आईबाबांचं लग्न ठरलं, तरी नंबर आलेला नव्हता. बैठक झाली, याद्या झाल्या, आणि चहा घेता घेता भाऊ हळूच म्हणाले, "आता आपण घरचेच. आत जरा शब्द टाकता का?" आजोबांनी आधी बशीतला चहा संपवला. "मी चाकं बसवतो, नंबर लावत नाही," एवढंच बोलले. ही गोष्ट मी दोन्ही घरांत ऐकली आहे. आजोळच्या गोष्टीत आजोबा तुसडे असतात, आमच्याकडच्या गोष्टीत भाऊ आगाऊ.

आजोबा साठच्या दशकात लागले, तेव्हा तिथे इटलीच्या पिआज्जिओच्या परवान्यावर व्हेस्पा बनायची. १९७१ मध्ये परवाना संपला आणि १९७२ मध्ये राणा प्रतापांच्या घोड्याचं नाव घेऊन चेतक आली. किती गाड्या काढायच्या ते सरकार ठरवणार, घेणारे मात्र त्याच्या कितीतरी पट. त्यामुळे नंबर लागलेल्याने गाडी शोरूमबाहेर काढली की तिथल्या तिथे जास्त पैसे देऊन घेणारा उभा असे. परकीय चलनात पैसे भरणाऱ्याचं काम लवकर व्हायचं, म्हणून ज्याचा मेहुणा परदेशात त्याला वाड्यात भाव. आजोबा पाळी संपवून लोकलने घरी आले की शेजारपाजारचे लोक "आज किती काढल्या?" असं विचारत. धरणात पाणी किती आलं, हे विचारावं तसं.

वाड्यात कुणाची स्कूटर बिघडली की आजोबा आधी हँडलवर तळहात ठेवायचे आणि इंजिन चालू करायला सांगायचे. थरथर कुठून येते ते हाताला कळतं, म्हणायचे. पाना नंतर.

मला गाड्यांचं वेड त्यांच्याकडूनच आलं, शर्यतीचं मात्र नाही. बजाजने २००७ मध्ये केटीएम या ऑस्ट्रियन कंपनीचा १४.५ टक्के हिस्सा घेतला. त्याच वर्षी आकुर्डीतलं उत्पादन थांबलं. जानेवारी २०१२ मध्ये चाकणला बनलेली ड्यूक २०० भारतात आली आणि पहिल्या नोकरीच्या पगारावर हप्ते बांधून मी ती नारिंगी गाडी घेतली. २०१७ मध्ये केटीएम मोटोजीपी या मोटारसायकल शर्यतींच्या स्पर्धेत पूर्ण हंगामासाठी उतरली, तेव्हापासून माझे रविवार तिच्या नावावर आहेत.

९ ऑगस्ट २०२०. बाहेर करोना, घरात टीव्हीवर चेक प्रजासत्ताकातलं ब्रनो. ब्रॅड बाइंडर हा दक्षिण आफ्रिकेचा पोरगा, मोटोजीपीतलं पहिलंच वर्ष, आणि त्याने केटीएमला पहिला विजय मिळवून दिला. मी ओरडले तसे आजोबा दचकून उठले.

"ही आपल्या आकुर्डीची का गं?"

"नाही आजोबा, ऑस्ट्रियाची. पण कंपनीत थोडा पैसा आपल्या पुण्याचा."

"मग थोडं ओरड."

पुढच्या वर्षी आजोबा गेले. संघ तेव्हा जिंकत होता. बाइंडरने त्या ऑगस्टमध्ये ऑस्ट्रियात पाऊस सुरू झालेला असताना कोरड्या रस्त्याच्या टायरवरच शेवटच्या फेऱ्या काढल्या आणि शर्यत मारली. केटीएमचाच मिगेल ऑलिव्हेरा २ ऑक्टोबर २०२२ ला थायलंडच्या पावसात जिंकला. तो शेवटचा विजय. शनिवारच्या छोट्या शर्यती २०२३ मध्ये दोनदा जिंकल्या, पण मी त्या धरत नाही. रविवार तो रविवार. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बुद्ध सर्किटवर मोटोजीपी भारतात आली. उन्हामुळे शर्यत २१ फेऱ्यांवर आणली होती, आणि बाइंडर चौथा आला. पदकमंचाच्या एक पायरी खाली. २०२४ मध्ये मिशेलिनचं नवं मागचं टायर आलं आणि केटीएमला थरथरीने पछाडलं. स्पेनच्या पेद्रो अकोस्ताची गाडी वळणात हादरताना पाहून मला आजोबांचा तळहात आठवायचा.

मग नोव्हेंबर २०२४. केटीएम दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. मोटोजीपी सोडण्याची भाषा कानावर येऊ लागली. मी पेपर घेऊन भाऊंकडे गेले. ते आता नव्वदीला टेकलेत, ऐकू कमी येतं. न विकलेल्या अडीच लाखांहून जास्त मोटारसायकली पडून आहेत, हे मी त्यांना दोनदा वाचून दाखवलं.

"गाड्या आहेत आणि घ्यायला माणूस नाही?"

"हो."

"पुन्हा वाच."

तिसऱ्यांदा वाचल्यावर ते हसायला लागले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. व्याह्यांना हे ऐकवायला हवं होतं, म्हणाले.

बजाजने एकूण ८० कोटी युरो उभे केले आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये कंपनीचा ताबा पुण्याकडे आला. आजोबांच्या हिशेबाने आता मी पूर्ण ओरडायला हरकत नाही. पण माझी काळजी तिथूनच सुरू होते. परका मालक हौसेने पैसे उडवतो, घरचा मालक वही उघडतो. राजीव बजाज यांनी २००९ मध्ये स्कूटर बंद करायचं ठरवलं, तेव्हा वाईट वाटल्याचं खुद्द त्यांचे वडील राहुल बजाज यांनी जाहीरपणे सांगितलं होतं. वडिलांच्या चेतकपुढे जो हिशेब डगमगला नाही, तो माझ्या रविवारपुढे डगमगेल? अर्थात वही न उघडल्यानेच तर अडीच लाख गाड्या साठल्या, हेही मला कळतं. आणि चेतक पुढे विजेवर परत आली, नंतर तर आकुर्डीतच बनू लागली. मी दोन्ही बाजूंनी स्वतःशीच भांडते.

गाडी मात्र अगदीच मेलेली नाही. जुलै २०२५ मध्ये त्याच ब्रनोला अकोस्ता तिसरा आला आणि हंगाम त्याने चौथ्या क्रमांकावर संपवला. बाइंडरकडे मात्र बघवत नव्हतं. हंगाम संपल्यावर हे सगळं भाऊंना सांगत बसले होते. त्यांनी सांभाळून ठेवलेली नंबराची पावती अजून ट्रंकेत आहे, शाई उडालेली.

"कधीपासून थांबलीयेस?"

"ऑक्टोबर २०२२."

ते बोटांच्या पेरांवर मोजत राहिले.

"म्हणजे तीसच्या दिवाळीला," म्हणाले, आणि चष्मा पुसून पेपर उघडला.