टस्कीगीचे इस्पितळ

पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात साडेतीन लाखांहून अधिक कृष्णवर्णीय शिपाई होते. परंतु त्यांतील जे क्षयाने वा जखमांनी जर्जर होऊन परतले, त्यांना दक्षिणेकडील इस्पितळांत एक तर थारा नसे, नाहीतर आडबाजूचा कक्ष वाट्याला येई. या अन्यायाचे परिमार्जन म्हणा, की तो नजरेआड करण्याची युक्ती म्हणा, सरकारने अलाबामातील टस्कीगी येथे त्यांच्यासाठी स्वतंत्र इस्पितळ बांधले व १२ फेब्रुवारी १९२३ रोजी, लिंकनच्या जयंतीस, उपाध्यक्ष कूलिज यांच्या हस्ते त्याचा अर्पणविधी केला.

पुढचा प्रकार मात्र विलक्षण होता. रुग्ण सारे कृष्णवर्णीय, तरी वरच्या पगाराच्या जागा गोऱ्यांनाच मिळाव्यात असा स्थानिक गोऱ्या मंडळींचा हट्ट; आणि कृष्णवर्णीय पुरुष असतील त्या कक्षात गोऱ्या परिचारिकेस शुश्रूषेला लावू नये, असा तर त्या प्रांताचा कायदा! तेव्हा तोड अशी निघाली की, गोऱ्या परिचारिकेने हुद्दा व वेतन घेऊन हुकूम सोडावेत, आणि रुग्णाच्या अंगाला हात लावण्याचे काम तिच्या दिमतीच्या कृष्णवर्णीय सेविकेने करावे. विटाळाचे शास्त्र पिढ्यान्‌पिढ्या पाळलेल्या आम्हां लोकांना ही व्यवस्था समजावून सांगावी लागू नये. जिला जखम रोज दिसते तिला तीविषयी निर्णयाचा अधिकार नाही, ही त्यातली खरी मेख होती. शिपायाच्या प्रकृतीचे भवितव्य तेथेच ठरत होते.

इस्पितळात कृष्णवर्णीय डॉक्टर व परिचारिकाच असाव्यात असा आग्रह धरणारे टस्कीगी विद्यालयाचे प्राचार्य रॉबर्ट मॉटन यांना धमक्या आल्या, जुलैत कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्णवर्चस्ववादी संघटनेने गावात मिरवणूक काढली. तरी ते डगमगले नाहीत, आणि १९२४ मध्ये डॉ. जोसेफ वॉर्ड हे तेथील पहिले कृष्णवर्णीय प्रमुख झाले.

एका इस्पितळापुरता प्रश्न सुटला, सैन्यात तो तसाच राहिला. दुसऱ्या महायुद्धात कृष्णवर्णीय परिचारिकांची भरती प्रारंभी अवघ्या ५६ जणींपुरती मर्यादित होती, व पुढे कित्येकींना जर्मन युद्धकैद्यांच्या सेवेस तैनात करण्यात आले! कृष्णवर्णीय परिचारिकांच्या राष्ट्रीय संघटनेच्या कार्यवाह मेबल स्टॉपर्स यांनी अर्ज, शिष्टमंडळे आणि अध्यक्षपत्नी एलिनोर रूझवेल्ट यांची भेट, असे सर्व मार्ग चोखाळले. जानेवारी १९४५ मध्ये सैन्याचे वैद्यकप्रमुख जनरल कर्क परिचारिकांच्या सक्तीच्या भरतीची भाषा बोलू लागले, तेव्हा भरसभेत उठून बाईंनी विचारले की, तुटवडा एवढा असेल तर आमच्या परिचारिका का घेत नाही? त्याच महिन्यात मर्यादा उठली. १९५१ मध्ये त्या संघटनेने आपले कार्य झाले असे मानून स्वतःचे विसर्जन केले.