‘पॉश’ शब्दाचे तिकीट

पॉश वस्ती, पॉश हॉटेल, पॉश राहणी. ‘पॉश’ हा शब्द मराठीत आता इतका मुरला आहे की तो परका असल्याची आठवणही होत नाही. त्याच्या जन्माची एक गोष्ट मात्र अनेकांनी ऐकलेली असते आणि ती थेट मुंबई बंदराशी जोडलेली आहे. इंग्लंडहून मुंबईला येणाऱ्या पी अँड ओ कंपनीच्या बोटींवर धनिक साहेबलोक येताना डाव्या बाजूची आणि परतताना उजव्या बाजूची केबिन घेत, कारण त्या बाजूला ऊन कमी लागे. बोटीची डावी बाजू म्हणजे ‘पोर्ट’ आणि उजवी ‘स्टारबोर्ड’. ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ या चार शब्दांची आद्याक्षरे, पी, ओ, एस, एच, त्यांच्या तिकिटांवर जांभळ्या शाईने उमटवली जात आणि त्यांतूनच ‘पॉश’ तयार झाला, अशी ही कथा.

कथा सुबक आहे. तिच्यात बोट आहे, साहेब आहे, उन्हाळा आहे आणि शाईचा रंगसुद्धा आहे. नाही तो फक्त पुरावा.

पहिली अडचण तिकिटाची. असा शिक्का असलेले एकही तिकीट आजवर पुढे आलेले नाही आणि कंपनीच्या दप्तरातही या प्रथेची नोंद नाही. दुसरी अडचण कालक्रमाची. ‘ऐटबाज’ या अर्थाचा ‘पॉश’ १९१४ साली एका ब्रिटिश मासिकात आढळतो, तोही बोटीच्या संदर्भात नव्हे, तर घोडदळातील सैनिकांच्या ठेवणीतल्या पोशाखाबद्दल. १९१८ मध्ये ‘पंच’ साप्ताहिकाच्या एका व्यंगचित्रात तो तरुण लष्करी अधिकाऱ्याच्या तोंडी येतो. आद्याक्षरांचा खुलासा छापील स्वरूपात प्रथम दिसतो तो १९३५ च्या ऑक्टोबरमध्ये, ‘टाइम्स लिटररी सप्लिमेंट’मधील एका वाचकपत्रात. तिथे तर तो अमेरिकी जहाजव्यवसायातील शब्दप्रयोग म्हणून सांगितला आहे. मुंबईचा प्रवास त्याला नंतर चिकटला. १९६८ च्या ‘चिट्टी चिट्टी बँग बँग’ या चित्रपटातील एका गाण्याने ही आद्याक्षरे घरोघरी पोहोचवली. उलट, हिंदुस्थानातील इंग्रजांच्या बोलीचा प्रचंड कोश असलेल्या १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’मध्ये हा शब्दच नाही.

तिसरी अडचण सूर्याची. भूमध्य समुद्रात बोट पूर्वेकडे जात असताना दक्षिणेचे ऊन उजवीकडून येते, हे खरे. पण सुएझ ओलांडल्यावर तांबड्या समुद्रात बोट दक्षिण-आग्नेयेला वळते. तिथे सकाळी डावी बाजू तापते, दुपारनंतर उजवी. शिवाय मुंबईच्या अक्षांशावर मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून उत्तरेकडे सरकलेला असतो, म्हणजे तेव्हा ऊन तथाकथित सावलीच्या बाजूलाच! गार केबिनसाठी प्रवाशांची धडपड होत असेलच. प्रश्न केबिनचा नाही, शब्दाचा आहे.

अशा व्युत्पत्तींचे एक कुळच आहे. ‘न्यूज’ म्हणजे उत्तर, पूर्व, पश्चिम, दक्षिण या दिशांची इंग्रजी आद्याक्षरे, हे शाळेत अनेकांना सांगितले गेले. प्रत्यक्षात ‘न्यू’चे ते अनेकवचन, म्हणजे ‘नव्या गोष्टी’. ‘जंटलमेन ओन्ली, लेडीज फॉरबिडन’ यातून ‘गोल्फ’ निघाला म्हणतात. पण स्कॉटलंडच्या संसदेने १४५७ मध्येच, लोक तिरंदाजीचा सराव सोडतात म्हणून, या खेळावर बंदी घातली होती. ‘एसओएस’ म्हणजे ‘सेव्ह अवर सोल्स’ नव्हे. १९०६ च्या बर्लिन परिषदेत तीन टिंबे, तीन रेघा, तीन टिंबे ही खूण ठरली, ती पाठवायला आणि ओळखायला सोपी म्हणून. आद्याक्षरे जोडून नवा शब्द घडवण्याची रीत मुळात दोन महायुद्धांच्या काळात फोफावली. ‘अँझॅक’ पहिल्या युद्धातला, ‘रडार’ दुसऱ्या. त्याआधीच्या शब्दाबद्दल कुणी आद्याक्षरांची गोष्ट सांगू लागला, तर आधी तारीख विचारावी.

साहेबांच्या बोटी जिथे लागत, त्या बंदराच्या नावालाही असाच अनुभव आला आहे. ‘बॉम्बे’ हे पोर्तुगीज ‘बॉम बाइआ’, म्हणजे ‘चांगला उपसागर’, यावरून आले, असे कितीतरी काळ सांगितले गेले. पण पोर्तुगीजमध्ये ‘बाइआ’ स्त्रीलिंगी आहे, तेव्हा विशेषण ‘बोआ’ हवे होते. परक्या भाषेचे व्याकरण मोडून नाव लावले गेले आणि मुंबादेवी बाजूला राहिली.

मग ‘पॉश’ आला कुठून? कोशकार त्याचे मूळ अनिश्चित मानतात, पण एका वाटेकडे ते लक्ष वेधतात. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या चोर-भामट्यांच्या बोलीत ‘पॉश’ म्हणजे किरकोळ नाणे, अर्धी पेनी. १८९० च्या सुमारास त्याच बोलीच्या कोशात ‘पॉश’ म्हणजे छानछोकी माणूस असाही अर्थ मिळतो. नाण्याचा अर्थ आला रोमानी भाषेतून. जॉर्ज बॉरो यांच्या १८७४ च्या रोमानी शब्दसंग्रहात ‘पॉश’ म्हणजे ‘अर्धा’. नाण्यावरून पैसा, पैशावरून पैसेवाला, अशी ही वाट असू शकते.

रोमानी बोलणारे हे रोमा लोक सुमारे हजार वर्षांपूर्वी भारतातून निघालेले. सोळाव्या शतकाच्या आरंभी ते ब्रिटनमध्ये पोहोचले, तेव्हा त्यांना इजिप्तचे समजले गेले. ‘जिप्सी’ हे नाव ‘इजिप्शियन’वरून पडलेले, म्हणजे त्यांची ओळखच एका चुकीच्या समजुतीवर उभी. १५३० च्या कायद्याने त्यांना देशाबाहेर काढण्याचा हुकूम झाला, १५५४ च्या कायद्याने राहणाऱ्याला देहान्त. १७८२ मध्ये रूडिगर या जर्मन अभ्यासकाने त्यांची भाषा भारतीय कुळातली असल्याचे दाखवले. ती ऐकली तर आपल्यालाही पटावे: तिथे पाण्याला ‘पानी’, कानाला ‘कान’, नाकाला ‘नाख’ म्हणतात. इंग्रजीत मित्राला ‘पॅल’ म्हणतात, तो रोमानी ‘प्राल’, म्हणजे आपल्या ‘भ्रात्या’चाच नातलग. त्याबद्दल तर वादही नाही. आणि अर्धा या अर्थाचा रोमानी ‘पाश’ संस्कृत ‘पार्श्व’ म्हणजे ‘बाजू’ यातून आला, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. आपले ‘पाशी’ आणि ‘पासून’ही त्याच मुळाचे.

म्हणजे ‘पॉश’चे भारताशी नाते असेलच, तर ते बोटीच्या पहिल्या वर्गातून आलेले नाही. ते पायी चालत, तांड्याबरोबर, कायद्यांना चुकवत गेले असावे. तरीही लोकांच्या तोंडी गोष्ट राहिली ती साहेबाच्या केबिनची. आद्याक्षरांची व्युत्पत्ती एका दमात सांगता येते, ऐकणाऱ्याला गुपित कळल्याचा आनंद होतो. शिवाय श्रीमंतीच्या शब्दाचा जन्म श्रीमंतांच्या घरीच व्हावा, अशी आपली अपेक्षा असते. खोटी व्युत्पत्ती निरुपद्रवी करमणूक वाटते, पण ती एका माणसाचे श्रेय दुसऱ्याच्या खात्यावर जमा करते. इथे ज्यांच्याकडे कधी तिकीटच नव्हते, त्यांचा शब्द तिकीटवाल्यांच्या नावावर चढला असण्याचा संभव आहे.