तार्किक खंड व गुप्तलेखन, लिनक्स प्रणालीतील

संगणकाच्या संचय-तबकडीवरील (हार्ड डिस्कवरील) मजकूर किल्लीवाचून वाचता येणार नाही असा करून ठेवणे आणि त्या तबकडीवरील जागा गरजेप्रमाणे वाढविता-घटविता येणाऱ्या खंडांत विभागणे, ही मुळात वेगवेगळ्या गरजांतून निघालेली दोन तंत्रे होत. लिनक्स या परिचालन प्रणालीत २००४ च्या सुमारास ती एका पायावर आली. चोरीस गेलेला, हरवलेला किंवा मोडीत काढलेला संगणक परक्याच्या हाती पडल्यास त्यातील मजकूर सुरक्षित राहावा, हा या योजनेचा हेतू होय.

इतिहास : पूर्वी तबकडीचे विभाग पाडतानाच त्यांचे आकार ठरून जात. एक विभाग भरला व दुसरा रिकामा राहिला, तरी रिकामी जागा सहजी वळविता येत नसे. ही अडचण प्रथम मोठ्या यूनिक्स संगणकांवर जाणवली. आयबीएमच्या एआयएक्स प्रणालीत १९९० मध्ये आणि पुढे एचपी-यूएक्स प्रणालीत अनेक तबकड्यांची जागा एका समूहात एकत्र करून तीतून ‘तार्किक खंड’ देण्याची सोय झाली. हाइन्झ माउएल्सहागेन यांनी १९९८ मध्ये एचपी-यूएक्सच्या धर्तीवर ती लिनक्ससाठी तयार केली.

गुप्तलेखनाचा मार्ग अधिक अडचणीचा होता. अमेरिकेच्या निर्यात-निर्बंधांमुळे गुप्तलेखनाचा भाग लिनक्सच्या गाभ्याबाहेर, निराळे ठिगळ म्हणून ठेवावा लागे. २००० मध्ये हे निर्बंध सैल झाले. २००१ मध्ये योआन डेमन व व्हिन्सेंट रायमन या बेल्जियन तज्ञांची पद्धती ‘एईएस’ या नावाने अमेरिकेचे प्रमाण ठरली. २००२ च्या अखेरीस विकासाधीन गाभ्यात गुप्तलेखनाचा समावेश झाला. डिसेंबर २००३ मधील २.६ या आवृत्तीत ‘डिव्हाइस मॅपर’ ही समाईक यंत्रणा आली. मार्च २००४ मध्ये क्रिस्टोफ साउट यांचा ‘डीएम-क्रिप्ट’ हा भाग तिच्यावर बसविण्यात आला. तार्किक खंडांची नवी आवृत्तीही त्याच यंत्रणेवर आधारलेली असल्याने दोन्ही तंत्रे एकावर एक रचता येऊ लागली. किल्ल्यांच्या व्यवस्थेसाठी क्लेमेन्स फ्रूविर्थ यांनी ‘लक्स’ हा संकेत सिद्ध केला.

रचना : प्रचलित पद्धतीत संगणक सुरू करण्यापुरता एक लहान विभाग उघडा ठेवतात व उरलेली सर्व जागा लक्स पद्धतीने गुप्तलेखित करतात. परवलीचे वाक्य दिल्यावर उघडणाऱ्या या जागेवर खंडसमूह स्थापून त्यातून मूळ प्रणाली, वापरणाऱ्यांच्या फायली व अदलाबदलीची (स्वॅप) जागा यांसाठी खंड पाडतात. एकाच वाक्याने सर्व खंड उघडतात. अदलाबदलीची जागा आत घेणे महत्त्वाचे असते. कारण स्मृतीतील मजकूर, क्वचित किल्लीसुद्धा, तेथे उतरण्याचा संभव असतो.

मजकूर परवलीच्या वाक्याने नव्हे, तर यदृच्छेने निवडलेल्या एका मुख्य किल्लीने गुप्त केलेला असतो. वाक्य केवळ त्या किल्लीचे आवरण उघडते. म्हणून वाक्य बदलले, तरी सर्व तबकडी पुन्हा लिहावी लागत नाही. किल्लीची आवरणे तबकडीच्या आरंभी शीर्षभागात असतात. तो भाग नष्ट झाला व त्याची प्रत नसली, तर वाक्य ठाऊक असूनही धन्याला आपला मजकूर परत मिळत नाही.

मर्यादा : हे रक्षण बंद संगणकाचे आहे. संगणक चालू असताना मुख्य किल्ली स्मृतीत असते. वीज तोडल्यावरही काही काळ ती तेथून वाचता येते, असे प्रिन्स्टन येथील संशोधकांनी २००८ मध्ये दाखविले. जाळ्यामार्गे होणाऱ्या घुसखोरीपुढे तर ही योजना निरुपयोगी ठरते. मानखुर्दलगतच्या तुर्भे (ट्राँबे) येथील भाभा अणुसंशोधन केंद्राचा अनुभव या दृष्टीने उद्‌बोधक आहे. ‘अनुपम’ या समांतर महासंगणकांची उभारणी तेथे १९९१ पासून झाली व पुढे ते लिनक्सवर चालू लागले. मे १९९८ मधील पोखरण येथील अणुचाचण्यांनंतर जूनमध्ये ‘मिलवर्म’ या गटातील परदेशी तरुणांनी केंद्राच्या संगणकांत शिरकाव करून पत्रव्यवहार पळविला व संकेतस्थळावर अणुविरोधी मजकूर झळकविला. घुसखोर दूरवरून आले होते. एकही तबकडी हलली नव्हती. अशा प्रसंगी तबकडी गुप्तलेखित असती, तरी चालू यंत्राने ती आत शिरलेल्यास उलगडूनच दिली असती.

कायदा : भारतात २००८ च्या दुरुस्तीनंतर माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ६९ अन्वये शासन गुप्तलेखित मजकूर उलगडून देण्यास सांगू शकते; साहाय्य नाकारल्यास सात वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. सप्टेंबर २०१५ मध्ये जाहीर झालेल्या गुप्तलेखन धोरणाच्या मसुद्यात मूळ मजकूर नव्वद दिवस जपून ठेवण्याची अट होती. टीकेमुळे तो लगेच मागे घेण्यात आला. त्यामुळे किल्ली कोणाजवळ असावी, हा प्रश्न केवळ तांत्रिक राहिलेला नाही.