न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे

ज्युबिलीनिमित्त निघणाऱ्या या पुस्तिकेंत पुण्याच्या एका शास्त्र्याचें चरित्र पाहून कोणी वाचकबंधु विचारतील कीं, ह्यांचा आम्हां वसईकर ख्रिस्ती लोकांशीं काय संबंध? संबंध आहे, आणि तो फार दूरचाही नाहीं. इ. स. १७३९ सालीं चिमाजी आप्पांनीं वसईचा किल्ला घेतला, तेव्हांपासून आमचे पूर्वज पेशव्यांची प्रजा झाले. ज्या दरबारचा अंमल त्यांच्या शेतांवर व वाड्यांवर चालत होता, त्याच दरबारीं पुढें रामशास्त्री मुख्य न्यायाधीश झाले. आणि ज्या सर्वांत मोठ्या गुन्ह्याचा त्यांनीं निवाडा केला, त्याची झळ अखेर वसईपर्यंत येऊन पोंचली.

रामशास्त्री हे साताऱ्याजवळील माहुलीचे. कृष्णा व वेण्णा यांच्या संगमावरचें हें क्षेत्र. बापाचें छत्र बाळपणींच हरपलें, घरीं दारिद्र्य, आणि वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत अक्षरओळखही नाहीं, अशी त्यांच्याविषयीं परंपरा आहे. साताऱ्याच्या अनगळ सावकारांच्या घरीं ते पाणी भरण्याचें व सांगकाम्याचें काम करीत. एके दिवशीं धन्याच्या पायांवर पाणी घालतांना त्यांची नजर धन्याच्या कानांतील तेजस्वी भिकबाळीवर खिळली. सावकारानें हटकलें कीं, असलें लेणें विद्वानाला नाहींतर शूराला मिळतें, पाणक्याला नव्हे. हा बोल जिव्हारीं लागून तरुणानें नोकरी सोडली व थेट काशीची वाट धरली. कथेंतील शब्द न शब्द खरा मानण्याचा आमचा आग्रह नाहीं. परंतु लहान मुलांच्या पंक्तीला बसून मिसरूड फुटलेल्या माणसानें मुळाक्षरें गिरवावयाचीं, हें काय असतें, तें ज्यांनीं उशिरां विद्या आरंभिली त्यांसच विचारावें. काशींत बाळंभट पायगुंडे यांसारख्या नामांकित गुरूजवळ त्यांनीं धर्मशास्त्राचें अध्ययन केलें. ते पुण्यास परतले ते शास्त्री होऊन.

बाळकृष्णशास्त्री वारल्यावर इ. स. १७५९ सालीं दरबारच्या शास्त्रीमंडळाचें प्रमुखपद त्यांजकडे आलें. पद मोठें मिळालें तरी राहणी पालटली नाहीं. दिवसाच्या अन्नापुरतें असेल त्याहून अधिक घरांत ठेवावयाचें नाहीं, असा त्यांचा नेम होता. दक्षिणेच्या वेळीं त्यांचा सख्खा भाऊ पुढें आला असतां, ह्यांस जास्त रक्कम द्यावी असें नाना फडणविसांनीं सुचविलें. त्यावर, ह्यांची विद्या साधारण आहे, इतरांप्रमाणेंच द्या, भाऊ म्हणून काय द्यावयाचें तें मी घरीं देईन, असें शास्त्रीबोवांनीं सांगितल्याचें प्रसिद्धच आहे.

थोरले माधवराव पेशवे वयानें लहान व स्वभावानें धर्मनिष्ठ. एकदां ते जपांत इतके गुंतले कीं, कामास आलेल्या रामशास्त्र्यांस तसेंच परत जावें लागलें. दुसऱ्या दिवशीं शास्त्रीबोवा काशीस जाण्याची आज्ञा मागावयास हजर! जपतपच करावयाचें तर दोघेही गंगातीरीं जाऊं. राज्य करावयाचें तर रयतेकडे पाहिलें पाहिजे, असें त्यांनीं स्पष्ट सांगितलें. पेशव्यांनीं ऐकलें. या वळणाचें फळ वसईकडेही दिसलें. बड्या लोकांचें सामान खेड्यांतील माणसांनीं वेठीनें, म्हणजे फुकट, वाहावयाचें ही त्या काळची रूढि. वसईचे सुभेदार विसाजीपंत लेले यांचें मौल्यवान सामान असें चाललें असतां माधवरावांनीं तें जप्त केलें, जबर दंड बसविला आणि शेतांतून ओढून आणलेल्या माणसांस त्यांतून मोबदला दिला. ग्रँट डफनें १८२६ च्या आपल्या इतिहासांत ही हकीकत दिली आहे. ओझें वाहणारांचीं नांवें कोणी टिपलीं नाहींत; सुभेदाराचें मात्र राहिलें.

माधवराव १७७२ सालीं वारले. त्यांचे बंधु नारायणराव यांचा, अवघ्या अठराव्या वर्षीं, ३० ऑगस्ट १७७३ रोजीं शनिवारवाड्यांत गारद्यांनीं खून केला, आणि चुलते रघुनाथराव गादीचे धनी झाले. रामशास्त्र्यांनीं सुमारें सहा आठवडे मुकाट्यानें पुरावा गोळा केला. गारद्यांस दिलेल्या चिठींतील 'धरावें' या शब्दाचें 'मारावें' झालें होतें; हा फेरफार आनंदीबाईनें केला असा लोकांचा समज. शास्त्रीबोवा रघुनाथरावांसमोर उभे राहिले. पकडण्याचा हुकूम दिल्याचें रावसाहेबांनीं कबूल केलें व प्रायश्चित्त विचारलें. देहान्त, असें उत्तर मिळालें. आणि तुमचा अंमल आहे तोंवर मी पुण्यांत पाऊल ठेवणार नाहीं, असेंही. ते उठले आणि वाईजवळच्या एका खेड्यांत जाऊन राहिले.

ती शिक्षा कधीं अंमलांत आली नाहीं. न्यायाधीशाच्या हातीं फौज नव्हती, आणि ज्याला शिक्षा तोच राज्याचा मालक. मग त्या निवाड्याचें मोल काय, असें कोणी म्हणेल. आमच्या मतें, अशा वेळीं बहुतेकांची जीभ वतनानें, घरादारानें व मुलाबाळांच्या काळजीनें बांधलेली असते. रामशास्त्र्यांजवळ उद्यांचा शिधाही सांठविलेला नव्हता. माहुलीची गरिबी त्यांनीं पुण्यांतही स्वखुशीनें जवळ बाळगली, म्हणून त्या दिवशीं त्यांस गमावण्यासारखें कांहींच नव्हतें.

कारभाऱ्यांनीं एकजूट करून रघुनाथरावांस दूर सारलें, तेव्हां ते इंग्रजांच्या आश्रयास गेले. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनीं ठाणें घेतलें व साष्टी त्यांच्या हातीं गेली. मार्च १७७५ मध्यें सुरतेच्या तहानें रघुनाथरावांनीं, गादी मिळावी म्हणून, वसई व साष्टी दोन्ही इंग्रजांस लिहून दिलीं. डिसेंबर १७८० मध्यें जनरल गॉडर्डनें वसई घेतली. १७८२ च्या सालबाईच्या तहानें वसई पेशव्यांकडे परत आली, साष्टी मात्र इंग्रजांकडेच राहिली. आणि खाडीच्या दोन तीरांवरचे आमचे ख्रिस्ती सोयरे दोन राज्यांत विभागले गेले. रघुनाथराव पुढच्याच वर्षीं कोपरगांवीं वारले. रामशास्त्री, पुण्याचा कारभार पालटल्यावर, आपल्या जुन्या जागीं परत आले होते, आणि १७८९ सालीं देह ठेवीपर्यंत त्यांचा तो दिवसापुरत्या शिध्याचा नेम चालू होता.