नव्या वाइनचं कूळ

येळवसेला, म्हणजे शेतात साजऱ्या होणाऱ्या वेळ अमावास्येला, लातूरकडच्या औशाच्या शिवारात पाय ठेवला की दुपारपर्यंत चार खोपींतली आंबील पोटात जाते. ताकात आंबलेलं ज्वारीचं पीठ, लसूण, जिरं, मीठ. एका घरची जिभेला चरचरते, दुसरीची गोडसर, तिसरीत लसूण पुढे. चुलत्याच्या रानातली सरस की मामाच्या, हे बोलणं दिवस मावळेपर्यंत चालतं. ती आठवडाभर जपून ठेवायची मात्र कुणाला सुचत नाही. ताजेपण हाच तिचा गुण.

फ्रान्सच्या बोजोले भागातली नवी तांबडी वाइन याच जातीची. तिचं वाण गामे. 1395 मध्ये बर्गंडीचा ड्यूक फिलिप याने ते हलकं ठरवून आपल्या मुलखातून उपटून टाकायचं फर्मान काढलं. दक्षिणेला, बोजोलेच्या ग्रॅनाइटच्या टेकड्यांवर ते तगलं, आणि तिथली कोवळी, स्वस्त वाइन लिओं शहरातल्या खाणावळींत पोचू लागली. 1951 मध्ये ती इतर वाइनच्या आधी विकायची मुभा मिळाली. 1985 पासून नोव्हेंबरचा तिसरा गुरुवार हा तिचा ठरलेला दिवस.

सप्टेंबरात तोडलेली द्राक्षं नोव्हेंबरात पेल्यात येतात, ती एका युक्तीने. घड न चिरडता अख्खेच बंद टाकीत भरतात. टाकीत कार्बन डायऑक्साइड कोंडला की मण्याच्या आतच आंबणं सुरू होतं. सालीचा रंग उतरतो, तुरटपणा फारसा उतरत नाही. म्हणून पेला तिरपा धरला की कडेला जांभळी झाक दिसते, आणि नाकाला पिकल्या केळ्याचा वास येतो. तो वास भेसळीचा नव्हे, या पद्धतीचाच आहे.

आता आपल्याकडे या. चौदाव्या शतकात इब्न बतूता दौलताबादला आला, तेव्हा इथली द्राक्षं वर्षातून दोनदा येतात, असं त्याने लिहून ठेवलं. आपल्या उष्ण हवेत वेल थंड देशांसारखा हिवाळाभर झोपत नाही. आजचे बागायतदार एप्रिलात खरड छाटणी आणि ऑक्टोबराच्या सुमारास गोडी छाटणी करून त्याला वळण लावतात, आणि पीक एकदाच घेतात, उन्हाळ्याच्या तोंडावर. म्हणजे फेब्रुवारीतल्या तोडणीची नवी वाइन आपल्याकडे चैत्रात तयार होऊ शकते. नारायणगावला 1980 च्या दशकात आणि नाशिकला 2000 च्या सुमारास वाइनचा धंदा उभा राहिला. औसा तालुक्यातही द्राक्षबागा आहेत, पण त्यांचा घड खाण्याचा आहे. वाइनची वाणं वेगळी, मणी लहान, साल जाड.

कोवळी तांबडी वाइन जुन्या, महागड्या वाइनशेजारी ठेवून तिला कमी गुण देणं मला अन्यायाचं वाटतं. आंबिलीची बरोबरी आंबिलीशीच व्हावी. नाशिककडच्या दोन स्वस्त तांबड्या बाटल्या घ्या, लेबलवरचं साल एकच आणि शक्य तितकं अलीकडचं बघा. अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, सारख्या पेल्यांत सारखीच ओता, आधी वास घ्या, मग घोट. सोबत ज्वारीची गरम भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी असू द्या. आणि उघडलेली बाटली दोन-तीन दिवसांत संपवा.